पाहुणीसाठी खुर्ची

घर,
४ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद, आणि पत्राला उशीर केलास म्हणून एक टपली.

तुमच्या कारखान्यात काचा घासायचं नवं यंत्र आलं आणि ते तुझ्यापेक्षाही जास्त कुरकुरतं, हे वाचून तुझी आई हसली. हसली म्हणजे खरंच हसली, मला दिसेल अशी. तीच बातमी द्यायला बसलो आहे.

नवी गोळी लागू पडली. डॉक्टरीणबाईंनी जुन्या गोळ्यांच्या जोडीला ही दिली तेव्हा मी नाक मुरडलं होतं, की आणखी एक डबी आणि आणखी एक वेळ सांभाळा. पण तुझ्या आईचे हात परत आले. थरथर पार गेली नाही, तरी बोटं आता आपापल्या जागी जातात. सुरू केलेली खूण पुरी होते. परवा मी चहात साखर विसरलो तर तिने एक भुवई वर केली. ती भुवई मी गेलं वर्षभर पाहिली नव्हती.

तुला कान आहेत, म्हणून हे तुला पुरतं कळायचं नाही. रागावू नकोस. ह्या कंपवाताने तिचा आवाज बारीक झाला तरी तुम्ही तोंडाजवळ कान नेऊन ऐकू शकता. मी तिचे ओठ वाचतो, चेहरा वाचतो, हात वाचतो. आजाराने नेमके तेच तिन्ही धरले. लग्न झालं तेव्हा एक खूण येत नव्हती तिला. ती शिकली, आणि मग मला बोलायला जागा ठेवली नाही. त्या बाईचे हात गप्प झाले तेव्हा मी घरात नुसता भिंतींकडे बघत होतो. जाऊ दे ते आता.

दुसरी बातमी. तुझ्या आईला मैत्रीण मिळाली आहे. दुपारी मी मागच्या खोलीत कामाला बसलो की ती येते, खिडकीजवळ बसते. हिरवा कोट घालते, फार बोलत नाही. तुझी आई दोघींच्या वाटचं बोलते. मी अजून तिला पाहिलेलं नाही. मी चुका, म्हणजे बारीक खिळे, तोंडात धरून, दाराकडे पाठ करून खुर्च्या ठोकत असतो. बाहेर येईपर्यंत ती गेलेली असते. लाजत असेल. बहिऱ्या माणसाशी काय बोलावं हे न कळून लोकांना एकदम घरची कामं आठवतात, हे मी जन्मभर पाहिलं आहे. मला त्याचं काही वाटत नाही. तिला सोबत झाली, पुष्कळ झालं.

तब्येतीला जप. यंत्रापेक्षा कमी कुरकुर. आमचा लोभ आहेच, तू पत्रातून तो वसूल करत जा.

तुझे,
बाबा


कारखान्याची वसाहत,
१३ फेब्रुवारी

ती. बाबांना,

सा. न. वि. वि.

पत्र जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि डोळ्यांत पाणी आलं. शेजारच्या टेबलावरच्या बाईंना वाटलं घरी काही वाईट झालं. त्यांना सांगितलं की आईने भुवई वर केली. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या.

टपली पोचली. मागच्या महिन्यात आम्हाला दोन पाळ्या कराव्या लागल्या. घासलेली काच दिव्यासमोर धरून ओरखडा आहे का हे बघायचं, हे माझं काम. संध्याकाळपर्यंत मला माणसांच्या चेहऱ्यांवरही ओरखडे दिसायला लागतात.

ती हिरव्या कोटातली बाई कुठली? त्याच गल्लीतली का? आईला विचारून नाव कळवा, मी तिला आभाराच्या दोन ओळी लिहीन. आणि तुम्हीही एखाद्या दिवशी चुका तोंडातून काढून बाहेर या. पाहुणी आली आणि यजमान पाठ करून बसला, हे बरं दिसत नाही.

आईला सांगा, मला तिच्या हातांनी सांगितलेली एखादी चहाडी तुमच्या अक्षरात हवी आहे. लोभ असू द्या, आणि आईच्या गोळीच्या वेळा पाळताना स्वतःचं जेवणही असू द्या.

तुमची,
भिंगरी


घर,
५ मार्च

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद.

चहाडी अशी, की वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई जिन्यात चपला सोडतात आणि मग त्याच शोधत फिरतात. तुझ्या आईने हे सांगताना त्यांच्या चालीची नक्कल केली, बसल्या बसल्या. तिचे हात आता इतके चालतात की मलाच दमायला होतं.

पाहुणीचं नाव विचारलं. तुझ्या आईने सांगितलं की विचारायचं राहूनच गेलं, आणि आता इतक्या दिवसांनी विचारणं बरं नाही. तेही खरं. बाई मोठी भिडस्त आहे. तुझी आई तिच्यासाठी चहाचा कप भरून ठेवते, मी संध्याकाळी कप उचलायला जातो तर तो तसाच, साय धरलेला. मला साय आवडते म्हणून मी पिऊन टाकतो.

तू यजमानाला बोल लावलास म्हणून एक काम केलं. खिडकीजवळची जुनी खुर्ची पार बसली होती, स्प्रिंगा वर आल्या होत्या. ती काढून टाकली. पाहुणीसाठी नवी केली. खाली पट्टे ताणले, वर काथ्या, वर कापूस, आणि ते जाड निळं कापड, जे मी चांगल्या गिऱ्हाइकासाठी राखून ठेवलं होतं. कडेची शिवण हाताने घातली, दाभणाने. तुझी आई समोर बसून सूचना करत होती. जन्मात तिला ह्या कामातलं कळलं नाही, पण सूचना कधी थांबल्या नाहीत. फार चांगले गेले ते दिवस.

आणि काम असं जमलं आहे की काय सांगू. ती बाई रोज येऊन बसते, तरी बैठक जशीच्या तशी आहे. नवी गादी पहिल्या आठवड्यात थोडी दबतेच, हिच्यावर खळगासुद्धा नाही. बाई वजनाने कापसाची असावी, नाहीतर मी तरुण होत चाललो आहे.

आई थोडी विसरते. चष्मा डोळ्यांवर असताना शोधते, दुपारची गोळी घेतली तरी पुन्हा मागते. मी डबी माझ्या खिशात ठेवतो. आमच्या वयाला एवढं चालायचंच.

तू कधी येतेस? नव्या खुर्चीवर बसायला पाहुणीची परवानगी काढून ठेवतो. तुझ्यावर जीव आहे हे पुन्हा पुन्हा लिहायला लावू नकोस.

तुझे,
बाबा


कारखान्याची वसाहत,
११ मार्च

ती. बाबांना,

सा. न.

हे पत्र दोनदा लिहून फाडलं. आता जसं येईल तसं लिहिते.

बाबा, गादी दबली नाही. हे तुम्ही मला लिहिलंत. लहानपणी माझी बहीण तुमच्या नव्या सोफ्यावर क्षणभर बसून पळाली होती, तेव्हा तुम्ही नुसता हात फिरवून सांगितलं होतंत की कोणीतरी बसलं होतं. तुम्हाला हे कळायला हवं होतं. कप रोज भरलेला राहतो. नाव नाही. तुम्ही कधी पाहिलेलं नाही.

मी मास्तरीणबाईंना फोन केला. त्या दुपारी घरीच असतात, त्यांची खिडकी आपल्या दारावर आहे. त्यांनी सांगितलं की दुपारी आपल्याकडे कुणीही येत नाही, कित्येक महिन्यांत कुणी आलेलं नाही. एकदा त्या खाली आल्या होत्या, तेव्हा आई रिकाम्या खुर्चीशी हातांनी बोलत होती. त्यांना वाटलं, सराव करते आहे.

इथल्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनाही विचारलं. अशा गोळ्यांनी हात सुटतात, पण काहींना नसलेली माणसं दिसायला लागतात, विसरायला होतं, विचारांचा घोळ होतो, असं त्यांनी सांगितलं. गोळी मनाने बंद करू नका. डॉक्टरीणबाईंकडे लगेच जा आणि सगळं लिहून दाखवा. कप, खुर्ची, सगळं. मास्तरीणबाईंना सोबत न्या.

तुमचा आनंद मला हिसकावून घ्यायचा नाही. पण आई रोज दुपारी एकटी आहे, बाबा. मला माफ करा.

तुमची,
भिंगरी


घर,
२ एप्रिल

चि. भिंगरीस,

आशीर्वाद. तुझं पत्र वाचून मी इतका चिडलो की उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं. मास्तरीणबाईंशीही अबोला धरला. बहिऱ्या माणसाने अबोला धरला हे त्यांच्या लक्षात आलं नाही, ही गोष्ट वेगळी.

मग एका दुपारी कामाला गेलो नाही. तुझ्या आईजवळ बसून राहिलो. थोड्या वेळाने तिने दाराकडे पाहिलं, चेहरा उजळला, आणि तिने मोठ्या उत्साहाने माझी ओळख करून दिली. हे माझे यजमान, खुर्ची ह्यांनीच केली. मी खुर्चीकडे पाहिलं. निळं कापड, सरळ शिवण, बाकी काही नाही. मी काय केलं असेल सांग. मी मान लववून नमस्कार केला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी कागदावर लिहून समजावलं. जी गोळी हातांना मोकळं करते तीच डोक्यात नको ते दिवे लावते. थोडं गोळीचं, थोडं आजाराचंही, दोन्ही वेगळं करता येत नाही. नवी गोळी निम्म्यावर आणली.

पाहुणी गेली. तुझ्या आईचा चष्मा हरवेनासा झाला, वार आणि तारीख ती बरोबर सांगते, असं मास्तरीणबाई सांगतात. त्यांना सांगावं लागतं, कारण मला कळत नाही. तिचे हात मांडीवर पडून असतात आणि फडफडतात. चेहरा पुन्हा पुसल्यासारखा झाला. ओठ मिटलेले. लिहायला दिलं तर अक्षर मुंगीएवढं होत होत कागदावरून नाहीसं होतं. ती काहीतरी सांगते आहे, एवढं डोळ्यांवरून कळतं. काय, ते कळत नाही. मी खुणेने विचारतो, पाणी का, उशी का, खिडकी का, आणि ती डोळे मिटून घेते.

भिंगरे, मी जन्मापासून बहिरा आहे. पण बहिरा झालो असं मला ह्या पंधरवड्यात वाटलं.

तू बरोबर होतीस, म्हणून तुझ्यावर राग धरता येत नाही. त्याचाच राग येतो. जप.

तुझे,
बाबा


घर,
९ मे

चि. भिंगरीस आईचे आशीर्वाद.

मी सांगते आहे, मास्तरीणबाई तोंडाजवळ कान आणून लिहून घेत आहेत. मी अडखळते तिथे त्या थांबतात, पदरचं काही घालत नाहीत. चपलांची चहाडी त्यांना कळली आहे, तरी आल्या.

आता माझं डोकं स्वच्छ आहे, तेवढ्यात हे सांगून घेते. ती बाई नाही, हे मला खुर्ची आली त्याच दिवशी कळलं होतं. ह्यांनी जुनी खुर्ची उचलून नेली आणि नवी जराशी भिंतीकडे सरकवून ठेवली. दुपारी ती आली आणि जुनी होती तिथेच बसली, नुसत्या हवेत. मी घाबरले नाही. वाईट वाटलं. ह्यांना सांगणारच होते, तर हे दारात उभे, हातात हातोडी, आणि विचारताहेत की पाहुणीला खुर्ची आवडली का. मी सांगितलं, फार आवडली. पुढे पुढे मलाही विसर पडत गेला की ती नाही.

आता मला सगळं खरं तेच दिसतं आणि ते मला ह्यांना सांगता येत नाही. हे समोर बसून माझ्या हातांकडे बघतात. हात नुसते हलतात आणि हे त्यांत शब्द शोधतात. मला ते बघवत नाही. काल ह्यांनी मला पाणी दिलं, उशी दिली, खिडकी उघडली, मिटली. मला एवढंच सांगायचं होतं की तुमच्या सदऱ्याचं बटण तुटलं आहे.

मी डॉक्टरीणबाईंना विचारलं. गोळी पुन्हा वाढवता येईल, पण पाहुणी परत येईल, आणि ह्या वेळी एवढ्यावर भागेल असं नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. आजार पुढे सरकतो आहे. डोक्यातलं जे जाईल ते गोळी कमी केल्यावर सगळं परत मिळेलच असंही नाही. निवड त्यांनी माझ्यावर सोडली आणि मी वाढवायला सांगितलं आहे. ह्यांच्याशी माझं अजून पुष्कळ बोलायचं राहिलं आहे, त्यातलं बरंचसं भांडणच आहे.

पण तुझ्याकडून एक कबूल करून घ्यायचं आहे. मी ह्यांना ओळखेनाशी झाले की डॉक्टरीणबाईंना सांगून गोळी खाली आणायची. आपल्या माणसासमोर मी गप्प बसलेली चालेन. परक्यासमोर बडबडत बसलेली मला चालणार नाही. ह्यांच्या हातून ते व्हायचं नाही, म्हणून तुला सांगते. होय म्हणून लिही. माझ्यावरची माया तेव्हा आड येऊ देऊ नकोस, एवढाच लोभ पुरे.

तुझी,
आई


कारखान्याची वसाहत,
१७ मे

ती. आईला,

शि. सा. न.

तुझं पत्र गेले दोन दिवस खिशात घेऊन फिरते आहे. तुझ्याशी वाद घालायला कितीतरी मुद्दे काढले आणि एकही टिकला नाही.

होय. तू सांगितलंस तसं करीन. मला हे लिहायचं नव्हतं, तुझ्यासाठी लिहिलं.

पावसाळा संपला की रजा मिळेल, तेव्हा येते. तोवर बाबांशी हवं तेवढं भांडून घे आणि बटण लावून घ्यायला सांग.

तुझी,
भिंगरी


घर,
१८ ऑक्टोबर

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद.

तुझं येण्याचं नक्की झाल्याचं कळलं. त्याआधी हे लिहायला हवं. लिहावं की नाही ह्यात आठवडा गेला. लपवलं असतं तर तू येईपर्यंत तुला कळलंही नसतं. पण तुझ्या आईने तुझ्याकडून काय कबूल करून घेतलं ते मला माहीत आहे. तिनेच सांगितलं, हात चालत होते तेव्हा. त्यावर आम्ही खूप भांडलो. ती जिंकली.

पावसाळा चांगला गेला. मागचं सगळं बोलून झालं. तुझ्या बहिणीबद्दलसुद्धा बोललो. ती गेल्यापासून आम्ही दोघांनीही तिचं नाव हातावर घेतलं नव्हतं. हिरव्या कोटातली परत आली, पण मला आता तिची सवय झाली आहे, जाता येता नमस्कार करतो.

मागच्या महिन्यात एक दिवस मी काम आटोपून, हात धुऊन आईच्या खोलीत गेलो. तिने माझ्याकडे पाहिलं, शाल सारखी केली आणि निळ्या खुर्चीकडे बोट दाखवलं. बसा म्हणाली. हात किती सुरेख चालत होते तिचे, एकही बोट चुकलं नाही. प्रवास कसा झाला, असं तिने विचारलं. मला आधी थट्टा वाटली. मी हसलो तर ती अवघडली. मग मी बसलो.

तिने मला चहा विचारला. माझ्या खुणा पाहून तिला नवल वाटलं की मला हे कुठून येतं. मग तिने माझ्याबद्दल सांगायला सुरुवात केली. तिचे यजमान मागच्या खोलीत कामात आहेत, त्यांना ऐकू येत नाही, म्हणून कुणी आलेलं त्यांना कळत नाही. माणूस तापट आहे, पण काम बघावं तर त्यांचंच. तुम्ही बसला आहात ती खुर्ची त्यांनीच केली. येतीलच एवढ्यात.

भिंगरे, इतक्या वर्षांत तिने माझ्या तोंडावर माझं कधी कौतुक केलं नव्हतं.

मी उठलो, मागच्या खोलीत गेलो, कामाचा अंगरखा चढवला आणि मागच्या दाराने पुन्हा आत आलो. तिने मला लगेच ओळखलं. उशीर का केला म्हणून रागावली, आणि सांगितलं की एक भले गृहस्थ येऊन गेले, आपल्यासारखे हातांनी बोलतात, तुम्ही भेटायला हवे होतात. तेव्हापासून आमचं हे असंच चालू आहे. काही दिवस अंगरख्याने काम होतं. काही दिवस अंगरखा घालूनही मी तेच गृहस्थ असतो. असे दिवस आता वाढत चालले आहेत. काल दोनदा बदलून आलो आणि दोन्ही वेळा तिने मला प्रवास कसा झाला ते विचारलं.

म्हणजे जे ठरलं होतं ते झालं आहे. मी तुला फसवणार नाही. परक्यासमोर बडबडणं तिला नको होतं, ते तिचे शब्द आहेत आणि ते स्वच्छ डोक्याने सांगितलेले आहेत. पण तो परका मी आहे. गोळी कमी केली तर कदाचित ती मला ओळखेल, कदाचित नाही, आणि ओळखलं तरी ते मला सांगू शकणार नाही. मी तिच्या डोळ्यांत बघून अंदाज करत बसेन, पाणी का, उशी का. आज ती रोज दुपारी बसून मला सांगते की तिचा नवरा कसा आहे. मला ते ऐकायला, म्हणजे बघायला, मिळतं.

खुर्चीची गादी आता बरीच दबली आहे. मधोमध खळगा पडला आहे, माझ्या मापाचा.

ये. पण आल्या आल्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊ नकोस. आधी एक दुपार आमच्याजवळ बस, ती काय सांगते ते बघ. मग तुझा शब्द पाळायचा असेल तर पाळ, मी आड येणार नाही आणि तुझ्यावर रागही धरणार नाही. डबी माझ्या खिशात आहे, ती तुझ्या हातात देईन. त्यातली गोळी मात्र तूच काढून टाक. माझा हात धजणार नाही.

तुझे,
बाबा